ठेवून घेणं

घटस्फोटाच्या दाव्यात साक्षीदाराच्या कठड्याला दोन्ही हात टेकून नवरा इंग्रजीत म्हणाला, की इतकी वर्षं मी हिला केप्ट, वेल केप्ट, आणि दुभाषीबाईच्या तोंडून, रोजच्या सवयीने, त्याच्या आवाजामागून अर्ध्या पावलावर चालत शब्द बाहेर पडले, "इतकी वर्षं मी हिला ठेवलं. नीट ठेवलं." वीस-बावीस वर्षं ती हे काम करत होती. एका कानाने आत घ्यायचं, तोंडाने बाहेर सोडायचं, आणि मध्ये आपण नसायचंच. खिडकीच्या काचेला जसं मध्ये असूनही नसणं जमतं तसं तिला जमून गेलं होतं. पण वाक्य बाहेर पडून कोर्टाच्या उंच छताखाली जरा तरंगलं, आणि समोरच्या बाकावरची बायको ताडकन उठली. एवढा वेळ ती मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत खाली बघत बसली होती. "ठेवलं?" ती म्हणाली. "ठेवायला मी काय ठेवलेली बाई आहे? लग्न केलंय मी या माणसाशी!"

न्यायाधीशबाईंना आपली भाषा येत नव्हती. त्यांनी चष्मा खाली घेऊन दुभाषीकडे पाहिलं. नवराही तिच्याकडेच बघत होता, कारण त्यालाही ती येत नव्हती. तो लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर, दुसऱ्याच देशात वाढलेला, आणि बायकोला इंग्रजी यायचं ते प्रेमापुरतं, भांडणापुरतं नाही. आता बायको जे बोलली ते इंग्रजीत सांगणं भाग होतं. दुभाषीने सांगितलं, आणि सांगताना तिच्या लक्षात आलं की ठेवलेल्या बाईला इंग्रजीतही तोच शब्द आहे, केप्ट. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "असं मी म्हणालो नाही," तो म्हणाला. "देवाशपथ, असं मी कधीच म्हणालो नाही." आणि हेही तिला बायकोला आपल्या भाषेत सांगावं लागलं, जसं काही तीच शपथ घेत होती.

"दुभाषीबाई, काही अडचण आहे का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

पंखा फिरत होता. एवढ्या मोठ्या खोलीत तिला पहिल्यांदाच कोणीतरी तिचं स्वतःचं वाक्य मागत होतं, आणि ते तिच्याकडे नव्हतं. न्यायाधीशबाईंनी घड्याळाकडे बघून जेवणाची सुट्टी जरा आधीच जाहीर केली.

मागच्या जिन्याच्या वळणावर एक रुंद खिडकी होती. तिच्या कट्ट्यावर बसून ती रोज डबा खायची. आज तिने डबा उघडलाच नाही. काचेतून येणारं ऊन जिन्याच्या पायऱ्यांवरून घडी घालत उतरत होतं, खालून टाइपिंगचा आवाज येत होता, आणि तिच्या डोक्यात शब्द एकेक करून सुटे होत होते, ओल्या कपड्यांच्या पिळातून पाणी सुटावं तसे. पैसे ठेवतात. शेत राखतात. कुत्रं पाळतात, आणि दिलेला शब्दही पाळतात, म्हणजे तो पण शेपूट हलवत मागे येत असावा. राग बाळगतात. म्हातारी माणसं सांभाळतात. जपतात ते काचेचं काहीतरी, किंवा मन. आणि पोसतात. पोसणं हा शब्द नेहमी दात दाखवूनच यायचा, पोटात घातलेला घास मोजून दाखवणारा. इंग्रजीने ही सगळी कामं एकाच गड्याला लावली होती. तो बिचारा तिजोरीही राखायचा, बाळही सांभाळायचा आणि मालकाची भानगडही. सकाळी कठड्याशी तो शब्द उभा राहिला तेव्हा यातलं कुठलं काम करून आला होता हे ओळखायला तिला श्वासभर वेळ होता, आणि तेवढ्यात तिच्या हाताला लागलं ते ठेवलं. सांभाळलं म्हटलं असतं तर त्या माणसाला तिने चांगलं करून सोडलं असतं. पोसलं म्हटलं असतं तर वाईट. मग ठेवलंच का आलं? तो तिच्या तोंडात इतक्या वर कसा येऊन बसला होता?

तसा तो फार जुनाच होता. ती शाळेत जायच्या आधीची गोष्ट. बाबा गेल्यावर आई तिला मामाच्या घरी घेऊन आली होती, आणि आईला दुसऱ्या गावात शिवणाच्या कारखान्यात काम मिळालं होतं. "थोडे दिवस ठेवून घ्या," आई म्हणाली होती, छत्री ठेवून घ्या म्हणावं तितक्या सहज. ते थोडे दिवस मग सरलेच नाहीत. आई आधी महिन्याला यायची, मग सुट्टीला, मग तिचं तिकडे दुसरं घर झालं आणि ती पाहुण्यासारखी येऊ लागली, कडेवर दुसरं मूल घेऊन, आणि एक दिवस ती वारल्याचा निरोपच आला. पण ते सगळं नंतरचं. त्या पहिल्या दिवशी दुपारी, आई निघून गेल्यावर, ती जेवणाच्या टेबलाखाली बसली होती. टेबलक्लॉथची कड डोळ्यांपर्यंत उतरली होती, आणि त्या कडेखालून तिला मामाचे पाय आणि मोरीशी उभ्या असलेल्या मामीच्या टाचा दिसत होत्या. टाचांना भेगा होत्या. मामा म्हणाला, "काय करायचं? ठेवून घेऊ या का हिला?" नळ चालू होता. मामी भांडी घासत होती. ताटलीवर ताटली ठेवल्याचा आवाज आला, मग आणखी एक. तिने उत्तराची वाट पाहिली. श्वाससुद्धा हळू घेतला, न जाणो उत्तर त्याच वेळी यायचं. नळ वाहतच राहिला. मामी काहीच बोलली नाही, आणि मामाचे पाय दुसऱ्या खोलीत निघून गेले.

नंतरच्या सगळ्या वर्षांत ते उत्तर कुठून तरी येईल म्हणून तिने कान तयार ठेवले होते. म्हणूनच की काय, तिला ऐकण्याचा धंदा जमला. घरात नवीन माणूस आला आणि त्याने "ही कोण?" म्हणून विचारलं की मामी म्हणायची, "ही आमच्याकडे असते." आमची म्हणायची नाही, परकी म्हणायची नाही, असते म्हणायची, जसं कोनाड्यात घड्याळ असतं. मामी तिची वेणी इतकी घट्ट घालायची की डोळे बारीक व्हायचे. ताप आला तर मामी रात्रभर उशाशी बसायची, पण सकाळी तिच्याकडे न बघताच उठून जायची. रोज शाळेचा डबा भरून मिळायचा, गच्च, झाकण लागणार नाही असा. मामीला ती तुम्ही म्हणायची. कोणी सांगितलं नव्हतं, ठेवलेल्या मुलीला ते आपोआप कळतं. मोठी झाल्यावर ती कधी कधी स्वतःशी हसायची, की बाई गं, अख्खं आयुष्य तू एका क्रियापदावर काढलंस. पण हसून झाल्यावरही ते क्रियापद तिथेच असायचं. लग्न झालं नाही, किंवा केलं नाही. कुणाच्या घरी जाऊन असणं तिला पुन्हा नको होतं. दोन खोल्यांचं स्वतःचं घर झालं, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यात ती एकटी राहू लागली. इतकी एकटी, की भिंतीवर खिळा ठोकतानाही ती इकडेतिकडे बघायची, कुणाला विचारायला हवं होतं की काय म्हणून.

फोन थरथरला. पडद्यावर उमटलं, धाकटा.

तो मामीचा मुलगा. ती त्या घरी आली त्याच्या दुसऱ्या वर्षी झालेला. मामा गेल्यापासून मामी त्याच्याकडेच होती. मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, पाय ओढत ती चालू लागली, पण शब्द गेले ते परत आले नाहीत. एकच राहिला, डबा. पाणी हवं असलं की डबा, खिडकी लावा म्हणायचं असलं की डबा, नातवाने खोडी केली की रागाने डबा, आणि संध्याकाळी दुभाषी भेटायला गेली की दारात, हळू आवाजात, डबा. दुभाषी तिथे बसून त्या एका शब्दाचे वेगवेगळे अर्थ घरच्यांना करून सांगायची. "उशी उंच झालीय म्हणतात." "दिवा डोळ्यांवर येतोय." धाकटा कौतुकाने म्हणायचा, ताई, तू नसतीस तर काय केलं असतं गं. आता त्याची दुसऱ्या शहरात बदली झाली होती. तिथलं घर लहान होतं, बायकोची नोकरी होती, आणि सगळ्यांनी मिळून एक संस्था पाहून ठेवली होती, म्हाताऱ्या माणसांची.

"ताई, त्यांच्याकडे आज एक जागा झालीय," धाकटा म्हणाला. "उद्याच न्यावं लागेल, नाहीतर दुसऱ्याला देतील. चांगले लोक आहेत गं. नीट ठेवतात म्हणे. तू आहेस ना? ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"मला तरी बरं वाटतंय का? पण करू काय?"

"संध्याकाळी येते," ती म्हणाली. फोन बंद केला, तरी पडद्यावर ते नाव क्षणभर तसंच उजळत राहिलं. धाकटा. सकाळपासून शब्द तिच्या हातात सुटे होत होते, त्यातच हाही सुटला. कुणाचा धाकटा? मामीला तो एकुलता एक. पाळण्यात असल्यापासून मामी त्याला धाकटा म्हणायची. धाकट्याला उचल गं, धाकट्याला दूध दे, धाकटा रडतोय बघ. एकुलत्या एका मुलाला कुणी धाकटा म्हणत नाही. त्यासाठी आधी कुणीतरी थोरलं असावं लागतं. चाळीसेक वर्षं हा शब्द ती दिवसातून शंभरदा उच्चारत आली होती, आणि दुसऱ्यांच्या शब्दांची साल काढण्यावर पोट भरणाऱ्या बाईने याला कधी नखसुद्धा लावलं नव्हतं. ती खिडकीच्या कट्ट्यावर बसून राहिली. ऊन एव्हाना पायऱ्या उतरून गेलं होतं. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. नुसते तळहात गरम झाले, आणि भूक लागली. तिने डबा उघडला आणि उभ्यानेच, घाईघाईने, सगळा संपवला.

दुपारी कोर्ट भरल्यावर ती स्वतःच उभी राहिली. सकाळी वापरलेला शब्द माझा होता, साक्षीदाराचा नव्हता, ती म्हणाली. त्याच्या शब्दाला आमच्याकडे बरेच अर्थ आहेत, आणि त्याला कुठला अभिप्रेत होता हे विचारल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. न्यायाधीशबाईंनी मान हलवली. वकिलाने घड्याळ पाहिलं. नवरा मात्र गोंधळला. त्याने बायकोकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. ग्रीसने काळी झालेली नखं त्याने कोर्टासाठी घासून घासून लाल केली होती.

"मला नाही माहीत त्याला काय म्हणतात," तो म्हणाला, आणि दुभाषी त्याच्या मागून चालू लागली. "मूल पोटातच गेल्यावर ही उठतच नव्हती. कितीतरी महिने. मी कामावरून यायचो, पडदा सरकवायचो, हिला उठवून बसवायचो आणि हिचे केस विंचरायचो. मला येत नव्हतं विंचरायला. गुंता झाला की मी खालून सोडवायचो, दुखू नये म्हणून. मला भीती वाटायची, एक दिवस घरी येईन आणि ही नसेल. मी हिला हातातून जाऊ दिलं नाही. तेच म्हणायचं होतं मला." त्याचा आवाज फाटला. दुभाषीचा आवाज फाटून चालणार नव्हता. तिने शेवटचं वाक्य सपाट, नीट, जसंच्या तसं समोर मांडलं. मी हिला हातातून जाऊ दिलं नाही.

"खरंय ते," बायको म्हणाली. पर्सचा पट्टा तिने सोडून दिला होता. "कुणी केलं नसतं एवढं केलंस. पण मग मी बरी झाले ना रे. बरी झाले तरी तू विंचरतच राहिलास. मी कंगवा हातात घेतला की म्हणायचास, राहू दे, दमशील. कामावर जाते म्हटलं, दमशील. बहिणीकडे जाते म्हटलं, दमशील. मला आता दमायचंय." हे इंग्रजीत सांगताना, विंचरतच राहिलास म्हणताना, दुभाषीच्या जिभेवर पुन्हा तोच शब्द आला. केप्ट. दुसरा शोधायला तिने क्षणभर जीभ थांबवली, पण दुसरा नव्हता. नवऱ्याने तो ऐकला आणि त्याला कळलं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, मला आणखी काही सांगायचं नाही. त्यांचं वेगळं होणं काही थांबलं नाही. फक्त उरलेला वेळ दोघं हळू आवाजात बोलले, वकिलांनी लिहून दिलेलं सोडून, आणि बाहेर पडताना नवऱ्याने दार धरून ठेवलं आणि बायको त्यातून गेली.

संध्याकाळी धाकट्याच्या घरी सगळीकडे खोकी होती. भिंतींवरचे फोटो उतरवले होते आणि त्यांच्या जागी फिक्या रंगाचे चौकोन उरले होते. मामी खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर लुळा हात, त्यावर धडधाकट हात, जसं काही एकीने दुसरीची समजूत घालावी. दुभाषीला बघून ती म्हणाली, "डबा." धाकट्याने चहा आणला, आणि संस्थेबद्दल सांगू लागला. बाग आहे, डॉक्टर येतात, खोलीत दोघीच. तो फार भराभर बोलत होता. त्याचे डोळे सुजले होते.

"मी नेते त्यांना," दुभाषी म्हणाली.

तो थांबला. "तू? अगं, तू दिवसभर कोर्टात. ठेवशील कुठे? दोन तर खोल्या."

"दिवसाची बाई लावीन. खालच्या मजल्यावर नर्सबाई राहतात, त्या येतील मध्ये. आणि ठेवायचं काय आहे त्यात? राहतील."

"भावनेच्या भरात बोलू नकोस, ताई. तिला उचलायचं, न्हाऊ घालायचं, सोपं आहे का? तू सहा महिन्यांत थकशील. आणि तुझ्यावर का म्हणून? मी मुलगा आहे तिचा."

"आणि मी?" ती म्हणाली. हे तिने कधी विचारलं नव्हतं, आणि आता तोंडातून गेल्यावर तिला वाटलं, किती सोपं आहे, दोनच शब्द. धाकटा तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे काय?" तो म्हणाला. "तू ताई." असं म्हणताना त्याला त्यात काही अवघड वाटलं नाही, आणि तिला ते पाहून हसू आलं.

मग ती मामीसमोर खाली बसली, तिच्या गुडघ्यांपाशी. "मामी, हा दुसऱ्या गावी जातोय. एक संस्था आहे, बाग आहे, तिथे जाता येईल. नाहीतर माझ्याकडे. जिना आहे तीन मजले. तुम्हाला काय हवंय?"

"डबा," मामी म्हणाली.

"काय म्हणाली?" धाकट्याने विचारलं. "हो म्हणाली की नाही?"

दुभाषीने तोंड उघडलं. वर्षभर तिने या शब्दाला हवे ते अर्थ दिले होते, आणि त्यातले किती मामीचे होते आणि किती तिचे स्वतःचे, हे तिला आज सांगता आलं नसतं. "मला नाही कळलं," ती म्हणाली. "थांब, परत विचारते." आणि तिने पुन्हा विचारलं, सावकाश, तेच शब्द, तेवढेच. मामी तिच्याकडे बघत होती. डोळ्यांत पिवळट पाणी होतं आणि त्यात खिडकी दिसत होती. मग मामीने खुर्चीच्या हाताला धरून स्वतःला वर उचललं. धाकटा पुढे झाला, पण दुभाषीने त्याचा हात धरला. मामी पाय ओढत खोक्यांच्या मधून वाट काढत निघाली. एका खोक्याला अडखळली, थांबली, पुन्हा निघाली. न्हाणीघरात गेली. आतून बराच वेळ खुडबुड ऐकू येत राहिली. बाहेर आली तेव्हा डाव्या हातात तिची साबणाची डबी होती, आणि ती तिने आणून दुभाषीच्या कोर्टाच्या बॅगेत टाकली, कागदांवर, ओलीच.

त्याच संध्याकाळी तीन मजले चढायला त्यांना खूप वेळ लागला. प्रत्येक वळणावर मामी थांबायची, कठड्याला टेकून खाली बघायची, जशी काही उंचीचा अंदाज घेतेय, आणि श्वास परत आला की न सांगता पुढचं पाऊल उचलायची. धाकटा मागून गादी घेऊन आला, आत टाकली, आईच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि रडू येण्याच्या आत खाली उतरला. कपड्यांची पिशवी आणि औषधं खाली टॅक्सीतच राहिली होती. मामीला पलंगावर बसवून दुभाषी ती आणायला गेली. परत आली तेव्हा दोन्ही हातांत सामान होतं आणि दम लागला होता. बाहेर अजून थोडा उजेड होता, जिन्यात खालच्या घरातल्या फोडणीचा वास आला होता. तिने दार खांद्याने ढकललं. ते उघडलं नाही. पुन्हा ढकललं. आतून कडी लागली होती.

पडली की काय, घाबरली की काय. पिशवी खाली ठेवून तिने दारावर थाप मारली. मग पाय ओढल्याचा आवाज आला, पलंगाकडून नव्हे, स्वयंपाकघराकडून, भांड्याला भांडं लागल्याचा आवाज आला, आणि पाय दारापर्यंत येऊन थांबले.

"डबा?" आतून मामीने विचारलं. आवाज चढा होता, जरा त्रासिक, तिन्हीसांजेला दार वाजलं की कुठल्याही घरातली बाई विचारते तसा.

"मी," दुभाषी म्हणाली. "मी आहे मामी. उघडा."

डाव्या हाताला कडी नीट सापडत नव्हती. ती हलायची, अडकायची, पुन्हा हलायची. दुभाषी पायपुसण्यावर उभी राहिली. तिने घाई केली नाही.